वाढलेले वजन आणि दमा : ‘आधी वजन कमी करा’ एवढ्यावर भागत नाही

वस्तीत आरोग्य तपासणी शिबिर लागले की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, ‘जिना चढला की धाप लागते’. दुसरी, ‘रात्री छातीत घरघर होते, झोप लागत नाही’. या दोन्ही तक्रारी घेऊन येणाऱ्यांत चाळिशीच्या पुढच्या बायका जास्त असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचे वजन वाढलेले असते. मग तपासणाऱ्याकडून एकच वाक्य मिळते : ‘आधी वजन कमी करा.’ बाई मान हलवते, गोळ्या घेते आणि निघून जाते. धाप आणि घरघर या एकच गोष्टी आहेत की वेगवेगळ्या, वजनाचा त्यांच्याशी नेमका काय संबंध आहे आणि वजन कमी करायचे म्हणजे काय करायचे, हे तिला कुणी सांगत नाही. आम्ही डॉक्टर नाही, समाजकार्यातली माणसे आहोत. पण वस्तीत काम करणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांना या विषयाची नीट माहिती असावी, म्हणून जे पक्के माहीत आहे ते इथे मांडत आहोत.

सुरुवात धाप आणि दमा यांतल्या फरकापासून करू. दमा हा श्वासनलिकांचा आजार आहे. या नलिकांच्या आतल्या अस्तराला कायमची सूज असते. धूळ, धूर, थंड हवा, सर्दी, परागकण असे काही निमित्त मिळाले की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट स्राव साचतो आणि हवेची वाट अरुंद होते. म्हणून शिट्टीसारखा आवाज येतो, छाती आवळल्यासारखी वाटते, खोकल्याची उबळ येते. त्रास रात्री आणि पहाटे वाढतो, आणि तो कमी-जास्त होत राहतो : आज माणूस ठणठणीत, उद्या बेजार. नुसत्या वजनाने लागणारी धाप अशी नसते. ती श्रमाच्या प्रमाणात लागते, बसले की ओसरते आणि तिच्यात घरघर सहसा नसते.

वजन आणि धाप यांचे नाते जुनेच आहे. संयुत्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची गोष्ट येते. द्रोणभर भात खाऊन तो धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने ती सुदर्शन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली आणि रोज जेवताना ती म्हणून दाखवण्यासाठी त्याला शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि शरीर हलके झाले. ही गोष्ट प्रवचनात नेहमी संयमासाठी सांगितली जाते. आम्हाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ताटात काय आणि किती घ्यायचे हे राजाच्या हातात होते, आणि आठवण करून द्यायला पगारी माणूस ठेवण्याची त्याची ऐपत होती. प्रसेनजितला दमा होता असे मात्र कुठे म्हटलेले नाही. त्याची धाप वजनाची होती.

हा फरक उपचाराच्या दृष्टीने मोठा आहे. कॅनडात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डॉक्टरांनी ‘दमा’ सांगितलेल्या सुमारे पाचशे लोकांची नीट तपासणी केली. त्यांतल्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याला मुळात दमाच नव्हता. आणि चुकीच्या निदानाचे हे प्रमाण लठ्ठ लोकांत व इतरांत जवळजवळ सारखेच निघाले. म्हणजे ‘जाड आहे म्हणून दम लागतो’ असे म्हणून खरा दमा दुर्लक्षित करणे जितके चूक, तितकेच प्रत्येक धापेला पंप लिहून देणेही चूक. याचा निकाल लावणारी तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. एका नळीत जोराने फुंकायचे, मग श्वासनलिका मोकळे करणारे औषध घेऊन पुन्हा फुंकायचे. औषधानंतर फुंकर लक्षणीय सुधारली, तर दम्याकडे बोट जाते. एका फुंकरीत निकाल लागेलच असे नाही. त्रास नसलेल्या दिवशी ती सर्वसाधारण येऊ शकते, मग पुन्हा करावी लागते. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत छातीरोग विभागात ही तपासणी होते. रक्त लागत नाही, सुई नाही. तरी वर्षानुवर्षे दम्याची औषधे घेणारी आणि एकदाही नळीत न फुंकलेली माणसे आम्हाला वस्तीवस्तीत भेटतात.

आता मूळ प्रश्न. वजन वाढल्याने दमा होतो का? २००७ साली अमेरिकेत सात दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून ३ लाख ३३ हजारांहून अधिक प्रौढांची माहिती तपासली गेली. सर्वसाधारण वजनाच्या लोकांच्या तुलनेत जास्त वजनाच्या लोकांत नव्याने दमा होण्याची शक्यता सुमारे १.४ पट आणि लठ्ठ लोकांत सुमारे १.९ पट निघाली. वजन जितके जास्त तितकी शक्यता जास्त, अशी चढती पायरी दिसली. स्त्री-पुरुष दोघांतही दिसली. याचा अर्थ प्रत्येक जाड माणसाला दमा होतो असा नाही. बहुतेकांना होत नाही. आणि काटक शरीराच्या असंख्य माणसांना दमा असतो. वजन हे अनेक कारणांपैकी एक आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखे नाही.

हे घडते कसे, तेही समजून घेऊ. पहिली वाट सरळ यंत्रासारखी आहे. पोटावरची आणि छातीभोवतीची चरबी श्वासपटलाला वर ढकलते. श्वास सोडल्यावर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहायला हवी ती कमी राहते. फुगा पूर्ण रिकामा झाला की त्याचे तोंड जसे चिकटते, तशा बारीक श्वासनलिका मिटायला टेकतात. माणूस उथळ श्वास घेऊ लागतो. खोल श्वासाने नलिकांच्या स्नायूंना जो ताण मिळून ते सैल राहतात, तो ताण मिळत नाही. असे स्नायू थोड्याशा निमित्ताने आवळतात. आडवे झाल्यावर पोट आणखी वर सरकते, म्हणून रात्रीचा त्रास वाढतो.

दुसरी वाट रसायनांची. चरबी म्हणजे अंगावर पडून असलेले ओझे नव्हे. ती एखाद्या ग्रंथीसारखी सतत पदार्थ रक्तात सोडत असते. वजन वाढले की लेप्टिनसारखे सूज वाढवणारे पदार्थ वाढतात आणि ॲडिपोनेक्टिनसारखा सूज शमवणारा पदार्थ घटतो. अंगभर मंद सूज राहते. या सुजेवर नेहमीची दम्याची औषधे तितकी चालत नाहीत. ओढून घ्यायच्या स्टेरॉइडचा परिणाम लठ्ठ रुग्णांत कमी दिसतो, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. कार्यकर्त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण ‘औषध घेऊनही फरक नाही’ असे एखादी बाई सांगते तेव्हा ती खोटे बोलत असते किंवा औषध चुकवत असते असे नव्हे.

तिसरी वाट सोबतच्या आजारांची. जास्त वजनाबरोबर छातीत जळजळ करणारे पित्त वर येणे आणि झोपेत घोरत श्वास अडकणे, हे दोन्ही वाढतात. दोन्ही दम्याला चिथावतात. झोपेत श्वास अडकणारा माणूस दिवसभर पेंगतो, थकतो, हालचाल कमी करतो आणि वजन आणखी वाढते.

छातीरोगतज्ज्ञ आता वजनाशी जोडलेल्या दम्याचे ढोबळ दोन प्रकार मानतात. एक लहानपणी सुरू झालेला, ॲलर्जीचा दमा, जो पुढे वजन वाढल्याने चिघळतो. दुसरा मोठेपणी, बहुधा चाळिशीच्या आसपास सुरू होणारा, ज्यात ॲलर्जी फारशी नसते आणि ज्यात बायकांची संख्या जास्त असते. आमच्या शिबिरांतल्या त्या बायका आठवल्या की हा दुसरा प्रकार डोळ्यासमोर येतो. या प्रकारात वजन उतरले की दमा बऱ्यापैकी उतरतो. पहिल्या प्रकारात फायदा होतो, पण ॲलर्जी राहते, म्हणून औषध सोडता येत नाही.

उलट दिशेनेही गाडी चालते, आणि ती आपल्याकडे जोरात चालते. दमा आहे म्हणून चालायचे नाही, खेळायचे नाही, मुलीने तर मुळीच धावायचे नाही, असे घरातच ठरते. त्यात पोटात घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या. त्यांनी भूक वाढते, चेहरा सुजल्यासारखा होतो, वजन चढते, साखर वाढते. नाक्यावरच्या दवाखान्यात ‘लगेच आराम’ देणाऱ्या गोळ्यांत किंवा पुड्यांत कधी कधी हेच असते आणि घेणाऱ्याला पत्ताही नसतो. आराम पडतो, म्हणून माणूस पुन्हा तिथेच जातो.

खरे तर ओढून घ्यायच्या पंपाचे गणित साधे आहे. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. एका गोळीत चाळीस दाबांएवढे औषध रक्तातून सगळ्या शरीरात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचे औषध थेट नलिकेत जाते. तरी वस्तीत पंपाची भीती आणि गोळीवर विश्वास, असा उलटा कारभार आहे. ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. लग्न ठरायच्या मुलीचा पंप तर लपवूनच ठेवला जातो. मृगाच्या दिवशी हैदराबादला जाऊन औषध भरलेला जिवंत मासा गिळायला मात्र लाज वाटत नाही. त्या माशाने दमा बरा होतो याला कसलाही पुरावा नाही.

पंपांतही फरक आहे. तात्पुरता आराम देणारा साल्ब्युटामॉलचा पंप सूज कमी करत नाही. २०१९ पासून दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी मोठ्या माणसांना आणि किशोरवयीनांना केवळ त्या एका पंपावर ठेवू नये असे सांगितले आहे. सूज कमी करणारे ओढायचे स्टेरॉइड सोबत हवेच. या स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीसारखे वजन वाढवण्याची भीती नेहमीच्या कमी मात्रेत नगण्य आहे. पंप थेट तोंडात मारण्यापेक्षा स्पेसर लावून घ्यावा, औषध घशात न अडकता आत जाते. स्पेसर परवडत नसेल तर काय? दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या डॉक्टरांनी अर्धा लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंप बसेल असे भोक पाडून, सांधा पक्का बंद करून मुलांवर वापरून पाहिले, आणि ती बाटली बाजारातल्या स्पेसरइतकी उपयोगी ठरली. स्टेरॉइड ओढल्यावर चूळ भरायची, हे सांगायला विसरू नये.

आता वजनाकडे येऊ. भारतीयांसाठी मोजमाप वेगळे आहे. वजन किलोत घ्यायचे आणि उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गाने भागायचे. जगात २५ च्या पुढे जास्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा मानतात. आपल्याकडे पोटावर चरबी लवकर साठते म्हणून २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा, असे भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये ठरवले. पाच फूट उंचीच्या बाईचे वजन ५८ किलोच्या आसपास गेले की ती या रेषेवर येते. पोटाचा घेर बायकांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आत असावा. शिबिरात वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली देशातल्या २०.६ टक्के बायका जास्त वजनाच्या होत्या. २०१९-२१ मध्ये तो आकडा २४ टक्क्यांवर गेला, आणि हे जगाच्या २५ च्या रेषेने मोजून. त्याच सर्वेक्षणात १८.७ टक्के बायकांचे वजन गरजेपेक्षा कमी होते. एकाच वस्तीत, कधी एकाच घरात, सासू जाड आणि नातू कुपोषित असे चित्र दिसते. दम्याचे सांगायचे तर भारतात सुमारे साडेतीन कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. जगातल्या दमेकऱ्यांत आपला वाटा १३ टक्क्यांच्या आसपास, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत ४० टक्क्यांहून अधिक. म्हणजे आजार आपल्याकडे जास्त आहे असे नाही, माणसे औषधावाचून जास्त मरतात.

समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आम्हाला इथे थांबावेसे वाटते. लठ्ठपणा हा खात्यापित्या घरचा आजार, हा समज आता जुना झाला. स्वस्तात पोट भरायचे तर काय मिळते? रेशनचे तांदूळ-गहू, चहासाखर, बिस्किटाचा पुडा, वडापाव, सुटे तेल. डाळ, अंडी, भाजी, फळ महाग. सकाळी सहाला घर सोडून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला ‘रोज ४५ मिनिटे चाला’ असे सांगणे हास्यास्पद आहे. ती दिवसभर उभीच असते, पण दम लागेल अशी सलग चाल तिला मिळत नाही. संध्याकाळी चालायला जावे तर मैदान नाही, असलेले मैदान दारू पिणाऱ्यांनी व्यापलेले, रस्त्यावर दिवे नाहीत.

आणि हवा? आपल्या वस्त्या कुठे वसल्या याचा इतिहास सांगायची गरज नाही : गावकुसाबाहेर, नाल्याकाठी, कारखान्यामागे, कचराभूमीशेजारी. जानेवारी २०१६ मध्ये देवनारची कचराभूमी पेटली तेव्हा धुराने मुंबई झाकोळली आणि बातम्या झाल्या. गोवंडीकरांना तो धूर नवा नव्हता. अमेरिकेतही असेच घडले आहे. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारी यंत्रणेने कर्जासाठी ‘धोकादायक’ म्हणून ज्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने दाखवल्या, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या मोठ्या प्रमाणात होत्या. कॅलिफोर्नियातल्या आठ शहरांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या लाल भागांत दम्यासाठी तातडीच्या विभागात येणाऱ्यांचे प्रमाण चांगल्या ठरवलेल्या भागांच्या २.४ पट निघाले. नकाशा काढून ऐंशीहून अधिक वर्षे झाली होती! बाल्टिमोरच्या अभ्यासाने यात वजनाचा दुवा जोडला. तिथल्या शहरी, बहुतांश कृष्णवर्णीय मुलांमध्ये घरातली धूलिकणांची तीच पातळी सडपातळ मुलांपेक्षा जास्त वजनाच्या दमेकरी मुलांना अधिक त्रास देत होती. म्हणजे धूर आणि चरबी यांचा नुसता बेरजेचा हिशेब नाही, एक दुसऱ्याला धार लावते. आपल्याकडे असा जातनिहाय अभ्यास व्हायला हवा, आणि समाजशास्त्र, समाजकार्य शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तो करायला हवा असे आम्हाला ठाम वाटते.

म्हणून ‘वजन कमी करा’ हा सल्ला चूक नाही, अपुरा आहे. तो दोषारोपासारखा आला की माणूस दवाखान्याकडे फिरकत नाही. आमच्या ओळखीच्या एका ताईला एका दवाखान्यात सगळ्यांसमोर ‘खाणे आवरा’ म्हणाले. ती सहा महिने पंप आणायला गेली नाही. अशा वेळी कार्यकर्त्याने सोबत जावे, आणि तपासणी झाली का, पंप घेण्याची पद्धत दाखवली का, हे विचारावे. पद्धत चुकणे हे औषध न चालण्याचे फार मोठे कारण आहे.

दिलासा देणारी गोष्ट अशी की फार वजन उतरवावे लागत नाही. ऑस्ट्रेलियात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, फक्त ५ ते १० टक्के वजन उतरवलेल्या जाड दमेकऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा दमा लक्षणीय आटोक्यात आला. ८० किलोच्या माणसाला हे ४ ते ८ किलो होतात. ब्राझीलमध्ये साओ पाउलोत २०१७ साली ५५ जाड दमेकऱ्यांवर तीन महिने प्रयोग झाला. एका गटाला आहारनियमन आणि खरा व्यायाम, दुसऱ्याला आहारनियमन आणि नुसते ताणण्या-श्वसनाचे प्रकार. पहिल्या गटात ६९ टक्के लोकांचा दमा सुधारला, दुसऱ्यात ३६ टक्के. म्हणजे दमेकऱ्याने व्यायाम करू नये हा समज सोडायला हवा. आधी औषधाने दमा आटोक्यात आणावा, सुरुवातीला दहा मिनिटे सावकाश चालून अंग गरम करावे, थंडीत नाकातोंडावर रुमाल बांधावा, पंप खिशात ठेवावा. वजन उतरतेय म्हणून औषध मनाने बंद करू नये.

वस्तीपातळीवर काय करता येईल? विहार ही आपली हक्काची जागा आहे. बहुतेक ठिकाणी ती सकाळी रिकामी असते. सहा ते सात बायकांसाठी राखून ठेवली, तर चालण्या-व्यायामाचा गट तिथून सुरू होतो. एकटीला लाज वाटते, दहा जणी असल्या की वाटत नाही. खीरदान, भोजनदान होते तिथे उसळ, अंडी, ताक वाढवता येते आणि गोड अर्ध्यावर आणता येते. वंदनेच्या वेळी बंद खोलीत अगरबत्तीचे जुडगे पेटवू नये. फूल आणि मेणबत्तीने काम भागते, एखादी लावलीच तर खिडकीत लावावी. मच्छर अगरबत्तीबद्दल तर स्पष्टच सांगायला हवे : एक कॉइल रात्रभर जळाली की निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरतात, असे मोजमाप प्रसिद्ध आहे. मच्छरदाणी स्वस्त पडते. मैदान, रस्त्यावरचे दिवे, कचरा जाळणे थांबवणे, प्राथमिक आरोग्य केंद्रात ओढायचे स्टेरॉइड नियमित असणे, या मागण्या नगरसेवकाकडे आणि आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी द्याव्यात, पोच घ्यावी. औषध नसेल तर कधीपासून नाही, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते.

६ डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा विजयादशमीला दीक्षाभूमीला जाणाऱ्या जथ्यांत दमेकरी असतातच. थंडी, गर्दी, धूळ, रात्रभरचा प्रवास, सगळे एकत्र येते. गटप्रमुखाने आधीच विचारून यादी करावी, प्रत्येकाचा पंप पिशवीच्या तळाशी नाही तर खिशात आहे हे पाहावे, एक स्पेसर सोबत ठेवावा. अटॅक आला तर रुग्णाला आडवे करू नये, थोडे पुढे झुकवून बसवावे, कपडे सैल करावेत, गर्दी हटवावी. साल्ब्युटामॉलचा एक दाब, स्पेसरमधून चार-पाच सावकाश श्वास, मग दुसरा दाब, असे चार दाब द्यावेत. चार मिनिटांत आराम नसेल तर पुन्हा चार. रुग्णाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, किंवा घरघर अचानक थांबून तो सुस्त होत असेल, तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत दाब देत राहावे.